रहस्यकथेंतील दुय्यम माणसें

रहस्यकथा वाचून संपली, गुन्हेगार सांपडला, पुस्तक मिटलें, कीं त्यांतील बहुतेक माणसें आपल्या मनांतून तत्काळ निघून जातात. म्हातारा कारभारी, अबोल दासी, गांवचा डॉक्टर, नात्यांतील एखादी गरीब बाई, या साऱ्या संशय टांगण्याच्या खुंट्या असतात. प्रकरणागणिक लेखक आपला संशय एकेकीवर अडकवितो आणि काम झालें कीं काढून घेतो. याबद्दल आपली तक्रारहि नसते. डाव मांडून बसलेल्यानें सोंगट्यांच्या सुखदुःखाची चौकशी करूं नये, असा जणूं एक अलिखित करारच लेखक आणि वाचक यांच्यांत झालेला असतो.

परंतु हा करार रहस्यकथेच्या प्रकृतींतच आहे, कीं आळशी लेखणींनीं तो रूढ केला आहे? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर विल्की कॉलिन्सची (१८२४–१८८९) ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी पुन्हां वाचावी. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकांतून ती १८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. १७९९ सालीं श्रीरंगपट्टणच्या लुटींत एका इंग्रज अधिकाऱ्यानें रक्तपात करून बळकावलेला हिरा त्याच्या मृत्युपत्रान्वयें त्याची भाची रेचेल व्हेरिंडर हिला तिच्या अठराव्या वाढदिवशीं, २१ जून १८४८ रोजीं, मिळतो; आणि त्याच रात्रीं तो नाहींसा होतो. पुढील हकीकत निरनिराळ्या साक्षीदारांनीं आपापल्या लेखणीनें सांगितलेली आहे. रहस्याचा बराचसा भाग उघड केल्यावांचून पुढील विवेचन करतां येणार नाहीं, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. हिरा अखेर कोणी लाटला, तेवढें मात्र मी सांगणार नाहीं.

या घरांत रोझॅना स्पिअरमन नांवाची एक दासी आहे. ती पूर्वीं चोर होती, तुरुंगवास भोगून आली होती. मालकिणीनें दयाबुद्धीनें तिला सुधारगृहांतून घरीं आणलें. रूप नाहीं, एक खांदा दुसऱ्याहून मोठा, कोणाशीं फारसें बोलणें नाहीं. हिरा गेल्यानंतर ती आजाराचें निमित्त करते, चोरून गांवांत जाते, कापड विकत घेते आणि रात्रीं दार लावून दिवा जाळीत बसते. आपण वाचक मनांतल्या मनांत निकाल देऊन मोकळे होतों. मग एके दिवशीं ही मुलगी समुद्रकांठच्या माणसाला गिळणाऱ्या वाळूंत जीव देते, आणि आपला निकाल आपणांस अधिकच पक्का वाटूं लागतो.

पुढें कितीतरी प्रकरणांनंतर तिचें पत्र हातीं येतें. रेचेलच्या खोलीच्या दाराला नुकताच लावलेला ओला रंग फ्रँकलिन ब्लेकच्या रात्रीच्या झग्याला लागलेला तिनें पाहिला होता. तो डाग कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून तिनें तो झगा दडविला आणि त्याच्या जागीं रात्रभर जागून नवा शिवून ठेवला. ज्या मनुष्यानें तिच्याकडे कधीं नीट पाहिलेंहि नव्हतें, त्याच्यासाठीं हें सारें! रेचेलनें त्याच्या कोटासाठीं दिलेलें गुलाबाचें फूल काढून त्या जागीं आपलें ठेवण्यापलीकडे या प्रेमाला दुसरा विलास माहीत नव्हता. हें पत्र वाचतांना धागा सांपडल्याचा आनंद मागें पडतो आणि शरम वाटते. चोर म्हणून एकदां शिक्का बसलेल्या मुलीला आपणहि चोरच ठरविलें होतें. नामांकित गुप्तपोलीस सार्जंट कफ् हाहि येथेंच चुकला. तिचा तुरुंग त्याला ठाऊक होता, तिचें प्रेमहि त्याच्या कानीं आलें होतें. परंतु हिशेबांत त्यानें तुरुंग धरला आणि प्रेम वगळलें. दुय्यम पात्राचा यथार्थ विकास याहून निराळा कोणता असणार? त्याच्या योगानें कथा तर पुढें सरकतेच, पण वाचकाचीहि परीक्षा होते.

या कादंबरीची खरी थोरवी अशी कीं, तिच्यांतील रहस्य लेखकानें हातचलाखीनें झांकलेलें नाहीं. तिच्यांतील माणसांनीं तें आपापल्या स्वभावामुळें झांकलें आहे. ब्लेकला हिरा उचलतांना रेचेलनें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें आहे. प्रेम आणि मानीपणा यांमुळें ती बोलत नाहीं. ब्लेकनें वैद्यकशास्त्राची थट्टा केली, म्हणून दुखावलेला डॉक्टर कँडी त्याला नकळत अफू पाजतो. आपण केलेली गंमत उघड करण्यापूर्वींच तो पावसांत भिजून तापानें पडतो आणि स्मृति गमावून बसतो. अफूच्या अमलाखालीं आपण काय केलें, याची ब्लेकला गंधवार्ताहि नसते. रोझॅनाचें पत्र ल्यूसी या कोळ्याच्या लंगड्या मुलीपाशीं असतें. तें स्वतः ब्लेकच्याच हातांत देण्याचा तिचा हट्ट. आणि तो तर परदेशीं गेलेला. दोघींनीं लंडनला जावें, शिवणकामावर पोट भरावें, बहिणींसारखें राहावें, एवढेंच ल्यूसीचें स्वप्न होतें. तिच्या वांट्याला फार थोडीं पानें आलीं आहेत. पण श्रीमंतांविषयींचा तिचा संताप पुस्तक मिटल्यावरहि कानांत घुमत राहतो. या चौघांपैकीं एकाचा जरी स्वभाव बदलला, तरी कादंबरी पन्नास पानांत संपेल. पात्र आणि कथानक यांचा असा एकजीव भल्याभल्या सामाजिक कादंबऱ्यांतहि क्वचित् आढळतो.

म्हातारा कारभारी बेटरेज तर सर्वांचा आवडता. अडचण आली कीं हा गृहस्थ ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडतो आणि आपल्याकडील आजोबांनीं पोथी उघडून कौल पाहावा तसा तिच्यांत आपल्या प्रश्नाचें उत्तर शोधतो. त्याची धन्यावरील निष्ठा आणि शोध लावण्याची चटक यांचें भांडण सतत चालूं असतें, आणि त्या भांडणांतूनच त्याच्या निवेदनाला रंग चढतो. डॉक्टरचा मदतनीस एझ्रा जेनिंग्ज कथेंत फार उशिरां येतो. रहस्याची किल्ली अशा आगंतुकाच्या हातीं देणें हा एरवीं दोषच ठरला असता. पण जेनिंग्ज हा स्वतः एका खोट्या आरोपाखालीं दबलेला, मरणाच्या दारीं उभा असलेला आणि वेदना शमविण्यासाठीं अफू घेणारा मनुष्य आहे. ब्लेकची निर्दोषता सिद्ध करणारें अफूचें ज्ञान त्यानें स्वतःच्या शरीरावर मिळविलेलें आहे. कॉलिन्स स्वतःहि दुखण्यापायीं अफूचा अर्क घेत असे. ती ओळख या पात्राच्या शब्दाशब्दांत उतरली आहे. दुसऱ्याचें निर्दोषत्व सिद्ध करणाऱ्याला स्वतःचें सिद्ध करतां येऊं नये, ही कारुण्याची जागा लेखकानें कोठेंहि आक्रोश न करतां साधली आहे.

येथवर स्तुति झाली. पण दोन ठिकाणीं लेखकाचा हात आंखडला आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. पहिलें ठिकाण मिस् क्लॅक. घरोघर धर्मपत्रिका पेरीत फिरणारी ही ढोंगी बाई हंसवते खरी. परंतु ती श्रीमंत नातेवाइकांच्या दारची गरीब आश्रित आहे, या गोष्टीचा लेखकानें केवळ विनोदापुरता उपयोग केला. रोझॅनाच्या दारिद्र्याकडे पाहणारी करुणा येथें कोठें गेली, असा प्रश्न पडतो.

दुसरें ठिकाण अधिक मोठें आहे. हिरा परत नेण्यासाठीं जातीचा त्याग करून समुद्रापार आलेले तीन ब्राह्मण साऱ्या कथेवर छायेसारखे वावरतात. त्यांना नांवें नाहींत. एकाला दुसऱ्यापासून ओळखण्याची सोय नाहीं. कारभारी, वकील, पोलीस, मदतनीस, सर्वांना लेखणी मिळते. मेलेल्या दासीलाहि पत्र मिळतें. ज्यांच्या देवाच्या कपाळावरून हिरा गेला, त्यांना मात्र एक पान मिळत नाहीं. १८५७ च्या उठावाला अवघीं अकरा वर्षें लोटलीं असतां, मूळ चोरी इंग्रजाचीच होती हें कॉलिन्सनें निःसंदिग्धपणें दाखविलें, आणि अखेरीस सोमनाथाजवळ तो हिरा पुन्हां देवाच्या कपाळीं चढविला, याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. परंतु तेथेंहि आपण जें पाहतों तें एका इंग्रज प्रवाशाच्या नजरेनें. प्रायश्चित्तासाठीं एकमेकांचा कायमचा निरोप घेणाऱ्या त्या तिघांच्या मनांत काय चाललें होतें, तें आपणांस कळत नाहीं. लेखकानें त्यांना न्याय दिला, त्यांचा परिचय करून दिला नाहीं.

तरीहि हा उणेपणा आपणांस जाणवतो, तो याच कादंबरीनें लावलेल्या संवयीमुळें. जी कादंबरी दासीचें अंतःकरण उघडून दाखविते, तिच्याकडूनच वाचक अशी अधिक अपेक्षा करतो. खुंट्यांच्या कथेकडून कोणी ती करीत नाहीं. रहस्य एकदां कळलें कीं दुसऱ्या वाचनांत त्याचें ओझें उतरतें आणि माणसें तेवढीं उरतात. ‘द मूनस्टोन’ दुसऱ्यांदां वाचतांना मी चोराच्या मागावर जात नाहीं. रोझॅना प्रथम दिसते त्या वाळूच्या कांठीं थांबतों. आपली मुलें-माणसें आवडीनें रहस्यकथा वाचतात, त्यांनीं पुस्तक मिटल्यावर एवढेंच स्वतःला विचारावें: चोर सांपडला, पण ज्याच्यावर आपण उगाच संशय घेतला त्याचें पुढें काय झालें? ज्या लेखकानें या प्रश्नाची आठवण ठेविली, त्याच्या पुस्तकाला कपाटांत कायमची जागा द्यावयास हरकत नाहीं.