गदा एक, केसरी दोन : निकाल कुणी लावायचा?

(इस्लापूर, ता. किनवट येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



एक साधा प्रश्न विचारतो. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी कोण झाला? मागच्या रांगेतून 'सिकंदर' असा आवाज आला. या बाजूनं कुणीतरी 'राक्षे' म्हणालं. दोघांचंही बरोबर आहे, आणि आजचा विषय तोच आहे. त्या एका महिन्यात पुणे जिल्ह्यात फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला. तिथं त्यानं हरवलं शिवराज राक्षेला. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि तिथं जिंकला कोण? शिवराज राक्षे. म्हणजे एकाच महिन्यात हाच गडी हरलेला पण आहे आणि महाराष्ट्र केसरी पण आहे. (हशा)

हसू नका फार. 2025 मध्ये परत तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ. मार्च संपता संपता त्याच जिल्ह्यात कर्जतला वेताळ शेळके. दोन महिन्यांत, एका जिल्ह्यात, दोन महाराष्ट्र केसरी. 'महाराष्ट्र' एकच आहे ना अजून?

आता हे जुन्या काळाशी लावून बघा. ही स्पर्धा 1961 ला सुरू झाली, पहिली आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादला. दिनकर दह्यारी पहिले केसरी. मग 1969 ला आपल्या लातूर जिल्ह्यातले, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. पुढं 2005 ला बीडचा सईद चाऊस. विजेत्यांची ही जुनी यादी काढून बघितली तर मध्ये मध्ये काही वर्षांपुढं एक शब्द दिसतो: 'अनिर्णित'. निकाल लागला नाही, म्हणून त्या साली केसरी कुणीच नाही. मला तो शब्द फार आवडतो. कुस्ती निकाली झाली नाही ना, मग गदा कुणाला नाही, घरी जा! आज आपण पार उलट्या टोकाला आलोय. तेव्हा कधी कधी एकही केसरी नसायचा, आता दोन दोन असतात. रिकामी जागा लोकांनी पचवली होती. दोन केसरी पचत नाहीत, कारण त्यातला एक तरी खोटा आहे असं प्रत्येकाला वाटतं. कोणता, हे ज्यानं त्यानं आपल्या तालमीनुसार आणि पक्षानुसार ठरवायचं.

हे झालं कसं? थोडक्यात सांगतो, कारण यातलं राजकारण तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. मामासाहेब मोहोळांनी उभी केलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद ही जुनी संघटना. तिच्या अध्यक्षपदी कित्येक वर्षं शरद पवार. 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघानं, म्हणजे तेव्हाच्या ब्रिजभूषण सिंह यांच्या महासंघानं, परिषद बरखास्त केली आणि पुढं मान्यता मिळाली ती भाजपचे तेव्हाचे खासदार रामदास तडस यांच्या कुस्तीगीर संघाला. तडस स्वतः पैलवान, विदर्भ केसरी. तेव्हा मातीतला माणूस कोण आणि बाहेरचा कोण असा हा वाद नाही. वाद मान्यतेचा आहे. तो कोर्टातही गेला.

आणि आता गंमत बघा. ज्या महासंघानं मान्यता द्यायची, त्याचंच काय झालं? दिल्लीत महिला पैलवानांचं आंदोलन झालं, कारभार हंगामी समितीकडं गेला. ऑगस्ट 2023 मध्ये निवडणूक वेळेत झाली नाही म्हणून जागतिक संघटनेनं आपला महासंघ निलंबित केला. त्या सप्टेंबरात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालनं कांस्य जिंकलं, पण तिरंग्याखाली नाही. डिसेंबरात निवडणूक झाली, नवी कार्यकारिणी आली, आणि तीनच दिवसांत केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानं तीही निलंबित केली. ते निलंबन उठलं मार्च 2025 ला. म्हणजे फुलगाव आणि धाराशिव झालं तेव्हा मान्यता देणाऱ्याचाच पत्ता नव्हता. मग महाराष्ट्रात प्रत्येकानं आपापली गदा घडवली, यात नवल काय?

यावर काही जण म्हणतात, 'सरकारनं खेळात पडूच नये.' आणि काही म्हणतात, 'सरकारनं एकदा हातात घेऊन संपवून टाकावं.' मला दोन्ही पटत नाही. का ते सांगतो.

सरकार पडलेलंच आहे की. आपल्याकडं माळेगावची यात्रा घ्या. खंडोबाच्या त्या यात्रेत कुस्त्यांची दंगल भरवते ती जिल्हा परिषदच. पशुप्रदर्शन तिचं, लावणी महोत्सव तिचा, फडही तिचा. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वर बघा. सलग तीन वेळा केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांना राज्यानं थेट पोलीस उपअधीक्षक केलं. नरसिंगच्या खात्यात 2010 चं राष्ट्रकुल सुवर्णही होतं, ते खरं. पण या गदेला सरकारच्या लेखी किंमत आहे, हे त्यातून कळतं. खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, तिथं प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं हे बघितलंच जातं. जानेवारी 2023 ला पुण्यात कोथरूडला अंतिम फेरी झाली, तिथं फडणवीसांनी व्यासपीठावरून पैलवानांच्या मानधनात वाढ जाहीर केली. चांगलंच केलं. ज्या घरात दूध, तूप, बदाम उधारीवर येतात त्या घराला मानधन म्हणजे काय ते सांगायला नको.

पण बघा हं, सरकार हजर कुठं असतं? व्यासपीठावर. फेटा बांधून, गदा उचलून, फोटोला. आणि गैरहजर कुठं असतं? ही स्पर्धा खरी की ती, हे विचारायची वेळ आली की म्हणतात, 'तो संघटनांचा अंतर्गत प्रश्न आहे.' मग फेटा कशाला बांधला होता? एका गटाच्या स्पर्धेला या पक्षाचे नेते, दुसऱ्या गटाच्या स्पर्धेला त्या पक्षाचे. कर्जतला यजमान आमदार रोहित पवार, अहिल्यानगरला आमदार संग्राम जगताप. दोघंही निवडून आलेले लोकप्रतिनिधी. गावच्या जत्रेत पाटलाचा फड वेगळा आणि सरपंचाचा फड वेगळा भरला तर आपण त्याला तंटा म्हणतो. इथं त्याला वैभव म्हणतात.

आता उलट टोक. सरकारनं निकालातच हात घातला तर? त्याचंही उदाहरण ताजं आहे. जुलै 2023, हांगझोऊ आशियाई स्पर्धेची निवड. हंगामी समितीनं बजरंग पुनिया आणि विनेश फोगाट यांना चाचणीशिवाय थेट प्रवेश दिला. दोघांनी त्या काळात आंदोलनात जे सोसलं त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण 53 किलोत लढणारी अंतिम आणि 65 किलोतला सुजीत कलकल यांचं म्हणणं एवढंच होतं की आमच्याशी एक कुस्ती लढू द्या. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं हस्तक्षेप केला नाही. पुढं विनेशला दुखापत झाली, अंतिम गेली आणि कांस्य घेऊन आली. ती जिंकली म्हणून चाचणी हवी होती असं मी म्हणत नाही. हरली असती तरी हवी होती. 'एक कुस्ती लढू द्या' ही मागणी कुठल्याही समितीनं, कुठल्याही चांगल्या कारणासाठी नाकारायची नसते.

म्हणजे अंतर ठेवून बसलं तरी चूक, मांडी घालून बसलं तरी चूक. मग मधली जागा कुठली? ती सांगायला तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत नेतो. तिथं कॉलेजांचा फुटबॉल आहे, आपला पायाचा नव्हे, तो हेल्मेट घालून धडका मारायचा. वेड इतकं की आपल्याकडच्या क्रिकेटसारखं. पण तिथं अनेक वर्षं विजेता कसा ठरायचा? प्रशिक्षकांची मतं, जाणकारांची मतं आणि संगणकाचं गणित, यातून दोन संघ निवडायचे आणि त्यांची एक लढत. 2008 च्या हंगामात युटा विद्यापीठाचा संघ एकही सामना हरला नाही, बलाढ्य अलाबामाला हरवलं, तरी त्या अंतिम लढतीत त्याला जागा नव्हती. मोठ्या गटातला नव्हता ना! म्हणजे मैदानावर कुणी हरवलं नाही, कागदावर हरला.

तेव्हा राजकारणी उठले. ओबामा निवडून आल्या आल्या टीव्हीवर बोलले की बाद फेरी घ्या. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी 2009 मध्ये सिनेटमध्ये सुनावणी लावली. पुढं न्याय खात्यानं पत्र पाठवून विचारलं, तुमच्याकडं बाद फेरी का नाही? लोकांनी तिथंही शिव्या दिल्या, मंदी आहे, युद्ध चालू आहे आणि तुम्हाला फुटबॉल सुचतोय. रास्त शिव्या होत्या. पण जो बार्टन नावाच्या टेक्सासच्या खासदारानं जे विधेयक मांडलं, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यात विजेता कोण हे नव्हतं. सामने कसे घ्या हेही नव्हतं. सार एवढंच होतं की बाद फेरी घेतली नाही तर त्या सामन्याला 'राष्ट्रीय अजिंक्यपद' म्हणून विकायचं नाही. खेळा, तिकिटं विका, फक्त ते नाव लावू नका. विधेयकाचा कायदा झालाच नाही. पण दबाव राहिला, संघटनांनी स्वतःच विचार बदलला, 2014 च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली, 2024 पासून बारा संघांची. त्यात टीव्हीच्या पैशाचा हात मोठा, हेही सांगितलं पाहिजे. सगळं श्रेय खासदारांना देऊ नका.

आता हे इस्लापूरला आणा. आपल्या सरकारनं काय करावं? गदा कुणाला द्यायची हे ठरवू नये. 'महाराष्ट्र केसरी' हे नाव सरकारदरबारी कधी चालेल, तेवढं ठरवावं. मानधन, नोकरी, मंत्र्यांची हजेरी, सरकारी मैदान हे सगळं एकाच स्पर्धेला मिळेल, आणि तेही अटींवर. दोन्ही गटांच्या पैलवानांना दार उघडं. पंच दोन्ही गटांबाहेरचे. आणि वादाच्या निकालाचं चित्रण बघून, ठरलेल्या वेळेत, लेखी उत्तर.

ही शेवटची अट मी उगीच घालत नाही. जानेवारी 2023 ला माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनं सिकंदरला बाहेरून टांग मारली, त्याला चार गुण दिले. ते चार की दोन, यावर अख्खा महाराष्ट्र मोबाइलवर व्हिडिओ थांबवून थांबवून भांडला. अहिल्यानगरला गादी विभागात पंचांनी राक्षेला चितपट दिलं. त्याचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रण बघा. बाचाबाची झाली, त्यानं पंचांना लाथ मारली. लाथ मारली ती मारलीच, तिचं समर्थन कुणी करू नये. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. अंतिम लढतीत शेवटच्या काही सेकंदांत गायकवाड मैदान सोडून गेला, त्याच्यावरही तीन वर्षं. मोहोळला गदा आणि थार गाडी. पैलवानाची ऐन उमेदीची वर्षं असतात किती? त्यातली तीन गेली. त्या पोराची, ज्याला गदा मिळाली, त्याचीही बाजू बघा. त्यानं वर्षानुवर्षं घाम गाळला आणि लोक विचारतात, खरंच जिंकलास का? उत्तर द्यायला त्याच्याकडं कागद नाही. चंद्रहार पाटील, दोन वेळचे केसरी, त्या निकालानंतर आपल्या गदा परत करायला निघाले, ते उगीच नाही.

'असं ठरवायचा राज्याला अधिकार आहे का?' असं कुणी विचारेल. आहे. खेळ हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे. आणि हेच सरकार बैलगाडा शर्यतीसाठी 2017 मध्ये कायदा करून बसलं, दिल्लीपर्यंत लढलं, मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयात तो कायदा टिकवून आणला. आज शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नियम मोडले तर दंड आणि कैद आहे. बैलांच्या शर्यतीचे नियम लिहायला वेळ मिळाला. पैलवानाच्या कुस्तीचे लिहायला मिळत नाही? (टाळ्या)

केंद्रानं ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात मान्यता देणारं मंडळ आहे, वाद सोडवणारं न्यायाधिकरण आहे. चांगलं आहे, पण मला त्यात एक भीती वाटते. मंडळ नेमणार केंद्र सरकारच. म्हणजे मान्यतेची किल्ली परत त्याच खिशात. आणि एक सांगतो, जगभरची क्रीडा न्यायालयं मैदानावरच्या पंचाच्या निर्णयाला सहसा हात लावत नाहीत, आणि लावूही नये. खांदे टेकले की नाही हे न्यायाधीशानं सहा महिन्यांनी सांगून काय उपयोग? ते तिथंच, हलगी थांबवून, सगळ्यांसमोर बघायला पाहिजे. गावच्या फडात काय होतं? पंच वादात सापडला की चार जुने वस्ताद आत येतात, दोन्ही गड्यांना उभं करतात, जोड परत लावतात. नाही जमलं तर बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. पावती फाडत नाहीत, पण हजार माणसांनी बघितलेलं असतं.

(श्रोत्यांतून प्रश्न: 'दोन्ही गट एकत्र आले नाहीत तर?')

तर मग त्या साली सरकारनं दोन्हीकडं जाऊ नये. कुस्त्या होऊ द्याव्यात, लोकांनी वर्गणी काढून गाडी द्यावी, सोन्याची गदा द्यावी, कुणाचं काही म्हणणं नाही. फक्त सरकारी यादीत त्या वर्षापुढं तो जुना शब्द लिहावा: अनिर्णित. पुढच्या वर्षी दोन्ही गट कसे धावत एकत्र येतात ते बघा, कारण पैलवानच त्यांना बसू देणार नाहीत.