अकरा महिन्यांचं गद्य

गेल्या वर्षी आम्ही तिघांनी खुलताबाद रस्त्यावरचं एक शेतघर सामानासकट किरायाने घेतलं. (आमच्याकडे भाडं नसतं, किराया असतो. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, शब्द राहिला.) त्याचा करारनामा परवा पुन्हा वाचला, कथा वाचावी तसा.

मालक 'लिहून देणार', आम्ही 'लिहून घेणार'. लिहिलं मात्र दोघांनीही नाही. टायपिंगवाल्याने जुन्या फाइलमध्ये नावं बदलली. चौथ्या पानावर आधीच्या किरायदाराचं आडनाव तसंच राहून गेलंय.

'लिव्ह अँड लायसन्स' हे शीर्षक कुणी मराठीत आणत नाही. आणलं तर कळेल, की यात घरावर हक्क मिळत नाही, राहायची परवानगी तेवढी मिळते. अकरा महिन्यांचं मूळ १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे: वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी. पण जिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे, तिथे ही पळवाट चालत नाही. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायदाराचं म्हणणं खरं धरलं जातं. सही करताना आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं.

या गद्याची खरी खोड म्हणजे कर्ता गायब करणं. 'आवश्यक ती दुरुस्ती करण्यात येईल.' कोण करणार? मार्चमध्ये बोअरची मोटर जळाली तेव्हा या वाक्याचा अर्थ लागला. टँकरचे पैसे आम्हीच भरले. अख्ख्या करारात 'पाणी' हा शब्द एकदाच येतो, तोही वीजबिलाच्या कलमात. मराठवाड्यातल्या घराच्या करारात!

जिवंत आहे ते शेवटचं पान, सामानाची यादी. ती मालकाच्या आईने हाताने लिहिलेली. 'लोखंडी कपाट १, आरसा तडकलेला. पंखे ३, चालू २. सतरंज्या ४. पितळी घंगाळ १, माझ्या लग्नातलं.' घरातून फिरून, एकेका वस्तूला हात लावून लिहिलेलं हे कळतं. आधीच्या चार पानांत कुणीच कुठे उभं नाही. इथे एक बाई उभी आहे.

घर सोडताना मालकाने 'वापरातली झीज' वर वाद घातला, अनामतीतून दोन हजार कापले. काकूंनी चष्मा लावला, यादी मागून घेतली आणि घंगाळाच्या ओळीपुढे पेनने लिहिलं, 'पोचा १.'