निबंधातील 'मी' आणि चित्रकाराची रेषा

निबंधासाठी चित्र काढणे हे कथेसाठी चित्र काढण्याहून निराळे आणि बहुधा अधिक कठीण काम आहे, याची दखल मराठी समीक्षेने फारशी घेतलेली दिसत नाही. कथेत प्रसंग असतो. त्यातील नेमका क्षण निवडला की चित्रकाराचे निम्मे काम झाले. सातारा जिल्ह्यातील औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या 'चित्र रामायणा'त ही सोय पूर्णपणे उपलब्ध होती. ललित निबंधात प्रसंग नाममात्रच असतो. तेथे असतो तो एक बोलणारा 'मी' आणि त्याच्या बोलण्याची ढब. भाषेच्या दृष्टीने 'मी' हे सर्वनाम रिकामे होय. जो बोलेल त्याचे ते होते. चित्राला हा रिकामेपणा परवडत नाही. चित्रात नाक काढावेच लागते.

या अडचणीला मराठीत सर्वांत विचारपूर्वक उत्तर दिले ते वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी. कोल्हापुरात जन्मलेले सरवटे पेशाने स्थापत्य-अभियंता होते. त्यांच्या रेषेतील काटकसर त्या शिस्तीतून आली असे कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. तथापि तेवढ्याने त्यांच्या निर्मितिप्रक्रियेचा उलगडा होत नाही. तो होतो 'ठणठणपाळ' या एका उदाहरणाने.

१९६४ साली सुरू झालेल्या 'ललित' मासिकात जयवंत दळवी यांनी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने साहित्यविश्वाची खिल्ली उडवणारे सदर दीर्घकाळ लिहिले. लेखक पडद्याआड, आणि 'मी' मात्र दर महिन्याला वाचकासमोर. सरवटे यांनी दळवींचा चेहरा काढला नाही, लेखातील विषयही काढला नाही. त्यांनी त्या नावाला देह दिला आणि त्याच्या हाती हातोडा दिला. हा हातोडा कोठून आला? 'ठणठणपाळ' या शब्दाचा कोशगत अर्थ निष्कांचन किंवा अक्षरशत्रू मनुष्य असा आहे. अर्थाला धरून चित्र काढावयाचे तर रिकाम्या खिशाचा एखादा गरीब गृहस्थ निघाला असता. परंतु शब्दाच्या मुळाशी 'ठणठण' हा अनुकरणवाचक ध्वनी आहे, रिकाम्या भांड्यावर पडलेल्या आघाताचा. चित्रात आघात करणारे साधन आले, आणि रिकामे भांडे कोणाचे हे वाचकाने ओळखावयाचे राहिले. ज्यांच्यावर तो हातोडा पडे त्या साहित्यिकांनी ते बहुधा आधी ओळखले असेल. चित्र शब्दाच्या अर्थावरून नव्हे, तर नादावरून सिद्ध झाले, ही गोष्ट चित्रकाराच्या भाषिक जाणिवेची साक्ष देते. सरवटे यांना 'रेषालेखक' म्हणतात ते केवळ गौरवापोटी नव्हे.

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'सारख्या (१९६२) लेखनात प्रश्न उलटा होतो. येथे निवेदक मागे सरतो आणि समोरचा माणूस त्याच्या बोलीने उभा राहतो. अंतू बर्वा म्हणजे प्रथम रत्नागिरीचा खवचट हेल. त्याचे रूप त्यामागून येते. हेल रेखाटता येत नाही. तेव्हा चित्रकाराने ऐकलेल्या बोलण्याचे भाषांतर मानेच्या कलात, खांद्याच्या पोकात करावयाचे असते. ते साधले नाही तर पानावर धोतर नेसलेला कोणीही एक वृद्ध उरतो.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. ठणठणपाळ एकदा दृश्यरूप पावल्यावर त्या सदरातील प्रत्येक वाक्य हातोड्याखालून आल्यासारखे वाचले जाऊ लागले. दळवींचा उपहास जेथे मवाळ होतो, जेथे थट्टेआड आपुलकी असते, तेथेही वाचकाच्या कानात 'ठण्' वाजतेच. हा दोष सरवटे यांच्या रेषेचा म्हणावा, की एकच चित्र दर महिन्याला छापण्याच्या नियतकालिकी रीतीचा? रेषेकडे बोट दाखवणे सोपे आहे; परंतु दर लेखाचा स्वर निराळा असताना त्याचे मुखचित्र मात्र स्थिर ठेवणे, हा निर्णय चित्रकाराच्या मेजावर होत नसतो.