रोगाचा अर्थ आणि जगण्याचा अर्थ

अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांना १९७५ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. १९७८ मध्ये त्यांचा 'इलनेस ॲज मेटाफर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात मात्र स्वतःच्या आजाराचा उल्लेख त्यांनी केलेला नाही. त्यांचे प्रतिपादन असे की, समाज रोगावर अर्थ लादतो. दडपलेल्या भावनांमुळे कर्करोग होतो, हा असाच एक लादलेला अर्थ होय. त्यामुळे रोगीच रोगाचा अपराधी ठरतो.

धम्माच्या अभ्यासकाला हा विचार परका नाही. आपल्याकडे हाच अपराध पूर्वजन्मीच्या पापाच्या नावाने रोग्याच्या माथी मारला जातो. संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोलियसीवक परिव्राजक याविषयीच तथागतांना प्रश्न करतो. तथागत पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम वर्तन, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतात, व सर्व वेदना पूर्वकर्मानेच होतात हे मत मिथ्या ठरवतात. कर्मविपाक या यादीत आहे हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो आठांपैकी एक आहे. आत्म्यावर आधारलेला पूर्वकर्माचा सिद्धान्त बुद्धमताशी विसंगत असल्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही दाखवून दिले आहे.

येथवर सॉन्टॅग यांचा ग्रंथ मोलाचा आहे. त्याची मर्यादा पुढे जाणवते. उपचार संपतात, रोग उलटण्याची भीती उरते. आणि 'आता कशासाठी जगावे?' हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाला ग्रंथात उत्तर नाही. व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारावर आधारलेली अर्थकेंद्री मानसोपचारपद्धती न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम ब्राइटबार्ट यांनी वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी विकसित केली. रोगातून वाचलेल्यांसाठी तिच्यात बदल करून नेदरलँड्समध्ये घेतलेल्या चाचणीत (२०१७) त्यांची अर्थपूर्णतेची जाणीव वाढल्याचे आढळले. रोगाला चिकटविलेला अर्थ आणि उरलेल्या आयुष्याला माणसाने स्वतः दिलेला अर्थ, हा भेद सॉन्टॅग यांनी केला नाही.

वेदनासंयुत्तातील सल्लसुत्त येथे साहाय्यक होते. देहाचे दुःख हा पहिला बाण, त्यापायी मनाने केलेला शोक हा दुसरा. मात्र 'या आजाराने तुम्हांला काय शिकविले?' असा तगादा लावला, तर अर्थाचा शोधही दुसराच बाण ठरेल. अतिसाराने पीडित भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले. त्याआधी त्यांनी विचारले: तुला काय झाले आहे, आणि तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय?