"पुढे नोकरी काय?" हा प्रश्न वाईट नाही

मेट्रोपॉलिटन लाइनवर नॉर्थविक पार्कला उतरलात, की हॉस्पिटलला लागूनच वेस्टमिन्स्टर विद्यापीठाचा हॅरो कॅम्पस लागतो. फॅशन, फिल्म, संगीत, डिजिटल मीडिया असं बरंच काही तिथे शिकवतात. मुलीने यातला कोर्स निवडला की घरचे विचारतात, "पुढे नोकरी काय?" आपण कलावाले लगेच नाक मुरडतो. पण प्रश्न रास्त आहे, आणि तो फक्त मराठी आईबाबांचाही नाही.

व्हिव्हियन वेस्टवुड हॅरोच्या आर्ट स्कूलमध्ये शिकायला गेल्या आणि एका टर्मनंतर बाहेर पडल्या. कामगार घरातल्या मुलीने कलेवर पोट कसं भरायचं, हे त्यांना कळेना. मग त्या प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या. फॅशनमधलं नाव नंतर झालं, तेही वर्गाबाहेर.

याच हॅरोत 1963 साली व्हिक्टर मार्ग्री आणि मायकेल कॅसन यांनी स्टुडिओ पॉटरीचा कोर्स सुरू केला. माती, ग्लेझ, भट्टी बांधणं, चाकावर एकसारखी भांडी काढणं असं सगळं हाताने शिकायचं. उद्देश सरळ होता: शिकून बाहेर पडा, स्वतःची कार्यशाळा टाका. पुढे त्याची पदवी झाली, आणि सुमारे 50 वर्षांनी ती बंद पडली. पोटाच्या प्रश्नाला इतकं थेट भिडणारा कोर्सच राहिला नाही!

आज इंग्लंडमध्ये उत्तर आकड्यात देतात. पदवीनंतर साधारण 15 महिन्यांनी माजी विद्यार्थ्यांना विचारतात, काय करताय? पूर्णवेळ पदवीच्या किमान 60% मुलांनी चांगल्या दर्जाचं काम किंवा पुढचं शिक्षण धरलेलं असावं, अशी नियामकाची अपेक्षा. माझा आक्षेप इथे आहे. जिला हॅरोत आईबाबांकडे राहून बिनपगारी काम परवडतं आणि जिला खोलीचं भाडं भरायचंय, त्या दोघींचं पंधराव्या महिन्यातलं उत्तर एकाच कोर्समधूनही वेगळं येणार. त्यातलं कोर्सने किती दिलं आणि घराने किती, हे आकडा सांगत नाही. शिवाय या 60 टक्क्यांच्या हिशोबात फक्त ब्रिटनमध्ये राहणारे विद्यार्थी धरतात. पुण्याहून कर्ज काढून आलेली मुलगी त्यात नाहीच.

म्हणून ओपन डेला गेलात तर टक्केवारीवर थांबू नका. विचारा: शिकवणारे स्वतः या धंद्यात आहेत का? बिल कसं पाठवायचं, करार कसा वाचायचा, केलेल्या कामाचा हक्क कोणाकडे राहतो, हे शिकवता का? त्याला मार्क आहेत, की शेवटच्या वर्षातलं एक ऐच्छिक लेक्चर? प्लेसमेंटला पगार आहे का?

उत्तर गुळमुळीत आलं, तर तोही एक निकालच समजा.