मैना, मुंबई आणि डफ

माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीच्या फलाटावर मुंबईची गाडी पकडणाऱ्याला ‘माझी मैना गावावर राहिली’ समजावून सांगावी लागत नाही. छक्कड अण्णाभाऊ साठ्यांची, पण ती गाजवली अमर शेखांनी. ते शेजारच्या बार्शीचे. जन्म 1916 चा, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, संपात पुढे आणि त्यापायी तुरुंगात. 1944 मध्ये अण्णाभाऊ आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या मंडळींनी सभाच्या सभा हलवल्या.

मैनेची रचना मोठी चलाख आहे. सुरुवातीला वाटतं, शृंगारिक लावणीच ऐकतोय. बायकोचा बांधा, रंग, चाल, स्वभाव. विशेषणामागून विशेषण, क्रियापदाला थारा नाही. मग निरोपाचा क्षण. ती रुसलेली, आणि तिची समजूत काढायला नवरा दागिन्यांची यादी म्हणू लागतो. या यादीत खरी गंमत आहे. खिशात दमडी नाही आणि तोंडी एकामागून एक अलंकार! गाणाऱ्याचा दम इथे पणाला लागतो, कारण श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. पुढे मुंबई येते, बेकारांची आणि चोरांची. आणि अगदी शेवटाकडे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. नवराबायकोची ताटातूट आता मराठी मुलखाची होऊन नकाशावर दिसू लागते. एवढा वेळ लावणीत रमवलं नसतं, तर हे सगळं नुसतं भाषण झालं असतं.

साथीला काय, तर डफ, ढोलकी, झांजा आणि एका तारेचं तुणतुणं. स्वरांची श्रीमंती नाहीच. सगळी भिस्त लयीवर आणि मोकळ्या, वर चढणाऱ्या गळ्यावर. झीलकरी ‘जी जी’ करत मागून रेटा देतात. अमर शेखांचा आवाज घासूनपुसून गुळगुळीत केलेला नव्हता, आणि ते बरंच झालं.

या खडबडीत गाण्याचं नातं मला थेट जपानशी लागलेलं दिसतं. ओसाकाकडच्या ‘सोल फ्लॉवर युनियन’चा ताकाशी नाकागावा आधी ‘न्यूएस्ट मॉडेल’ या पंक बँडचा गायक. जानेवारी 1995 मध्ये कोबेला भूकंप झाला. वीज गेलेल्या वस्त्यांत इलेक्ट्रिक गिटार काय कामाची? मग मंडळींनी ओकिनावाचं तीनतारी सान्शिन आणि रस्त्यावर जाहिरातबाजीसाठी वाजणारे चिंदोन ढोल उचलले, आणि निर्वासितांच्या छावण्यांत म्हाताऱ्यांच्या ओळखीची जुनी गाणी म्हटली. त्यातूनच ‘सोल फ्लॉवर मोनोनोके समिट’ जन्मला. पंकवाले लोकगीतापर्यंत पोचले ते असे गरजेपोटी. आपल्या शाहिराला तेवढा प्रवास करावा लागला नाही, आई मुनेरबींच्या ओव्या घरातच होत्या. दोघांच्या गाण्यात खडबडीतपणा सारखा, तरी जपानी वाजपात जत्रेचा मोकळा उल्हास अधिक आहे. मैनेत मात्र हसण्याखाली सतत काहीतरी टोचत राहतं.

अमर शेख 1969 मध्ये इंदापूरजवळ अपघातात गेले. त्याआधी, 1 मे 1960 ला, मुंबईसह महाराष्ट्र झाला होता. डांग, उंबरगाव गुजरातेत गेले. बेळगाव, कारवार आधीच पलीकडे होते. त्यामुळे आजचा शाहीर ही छक्कड म्हणायला उभा राहतो, तेव्हा त्याला ठिकाणांची नावं बदलावी लागत नाहीत.