सड्यावरचा हत्ती आणि दालनातला माड

कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळपठारावर, हत्ती दाखवतो म्हणून कुणी तुम्हाला नेले, तर पहिली पाच मिनिटे तुम्ही हत्तीच्या अंगावर उभे राहून हत्ती शोधत असता. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशी ती आकृती जांभ्याच्या कातळात कोरलेली आहे. एका जागी उभे राहिले की पायाचा एक तुकडा दिसतो, सोंडेचे वळण दिसते, मध्येच हत्तीच्या पोटात कोरलेला एखादा मासा नाहीतर पक्षी दिसतो, कारण त्या एका देहात आणखी कितीतरी लहान जीव सामावलेले आहेत. अख्खा हत्ती काही नजरेत येत नाही. हल्ली ड्रोन उडवतात. ड्रोन नसेल तर खाचेच्या कडेकडेने चालत जायचे. मी तसाच चाललो, आणि अर्ध्या फेरीत लक्षात आले की ज्याने हे कोरले त्यालाही हा हत्ती एका नजरेत कधी दिसला नसेल. त्याने तो पायांनी मोजला असणार.

त्यानंतर काही दिवसांनी काळा घोड्याजवळच्या एका दालनात कोकणावरचे जलरंगातले प्रदर्शन पाहिले. वीस-बावीस चित्रे, सगळी नेटकी. खाडीच्या पाण्यात होडी, तिच्या मागे माड, कौलारू घर, अंगणात तुळस, पाणंदीवर ऊन-सावली. ओल्या कागदावर रंग सोडण्याचा हात तयार होता आणि चित्रे विकलीही जात होती. पण शेवटच्या भिंतीपाशी पोहोचेपर्यंत पहिल्या भिंतीवर काय होते ते मी विसरलो होतो. चित्रकाराचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही, कारण गेली कित्येक वर्षे हे प्रदर्शन नावे बदलून दर मोसमात भरते आहे.

आज कोकणावर काम करणाऱ्या कलेविषयी लिहायचे तर या दोन अनुभवांमधले अंतर मोजणे भाग आहे. एकीकडे माणूस भूमीवर चालतो आहे, दुसरीकडे तो तिच्यासमोर उभा राहून तिला पाहतो आहे.

'निसर्गचित्र' हा प्रकार कोकणाचा नव्हे, हे आपण सहसा बोलत नाही. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाले. तिथून बाहेर पडलेली मुले इझल आणि रंगपेटी घेऊन उघड्यावर बसू लागली, तेव्हा आपल्या चित्रात क्षितिज आले. त्याआधी कोकणात चित्रकला होती आणि भरपूर होती. सड्यांवरची कातळशिल्पे होती. देवळांच्या भिंतींवर कावी होती. पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीच्या पोथ्या होत्या. सावंतवाडीच्या चितारआळीत गंजिफा हे खेळायचे पत्ते आणि लाकडावरची रंगीत कामे होती. या चारही कलांत एकही 'देखावा' नाही. चित्रकथीतला भीम कोऱ्या कागदावर उभा असतो, त्याच्या मागे डोंगर नाही की समुद्र नाही. गंजिफाच्या वाटोळ्या पानावर मत्स्यावतार असतो, पण लाटा असल्याच तर खुणेपुरत्या.

मग या कलांत कोकण कुठे आहे? ते मालात आहे. कातळशिल्पाचा कागद म्हणजे सड्यावरचा जांभा. कावीसाठी शिंपले भाजून चुना करायचा, त्याचा गिलावा द्यायचा, त्यावर लाल कावेचा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. समुद्रातला चुना आणि जमिनीतला तांबडा, एवढ्या दोन रंगांत अख्खे देऊळ. गंजिफाचे पान चिंचोक्याच्या खळीने कडक करायचे. घराभोवती जे मिळते त्यातून कला उभी राहिली, म्हणून ती दिसायलाही त्या भूमीसारखी झाली. कोकणाचा कलावारसा म्हणायचा तर हा आहे. आजच्या चित्रकाराला तो किती कळला आहे, यावरच मी त्याचे काम जोखतो.

आधुनिक काळात हे ज्यांना उपजत कळले त्यांत शिल्पकार वि. पां. करमरकरांचे नाव आधी घ्यावे लागते. १८९१ साली अलिबागजवळच्या सासवण्यात जन्मलेला हा माणूस. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा करून देशभर नाव झाले, तरी गावच्या घराच्या आवारात तो सिमेंटमध्ये गावची माणसे आणि जनावरे घडवत राहिला. सिमेंट हा मिस्त्रीचा माल, संगमरवराची ऐट त्याला नाही. सासवण्याच्या संग्रहालयात ही शिल्पे पाहताना वाटते की खाऱ्या वाऱ्यात यांना दुसरे काही शोभले नसते. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या जलरंगावरील हुकमतीबद्दल वाद नाही, पण त्यांची हातात दिवा धरलेली प्रसिद्ध स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि तिच्यात सावंतवाडी शोधणे व्यर्थ आहे. तेच प्रभाकर बरवे आणि प्रभाकर कोलते यांच्याबाबत. एक नागावचा, दुसरा नेरूरपारचा. कोलत्यांच्या चित्रात लाल रंग दिसला की समीक्षकाला लगेच कोकणची माती आठवते. हा आळस आहे. जन्मगाव हे चित्राचे स्पष्टीकरण होत नाही.

आता आजच्या माणसांकडे वळू.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला पराग तांडेल हा शिल्पकार मला या साऱ्यांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उत्तर कोकणची खाडी त्याने काठावर बसून रंगवलेली नाही. तो तिच्या आत आहे. मासे, जाळी, होड्या, कोळ्यांचे खाणे, भरावाखाली गेलेले किनारे हा त्याचा विषय आणि बऱ्याचदा तोच त्याचा मालही. कादंबरी कोळी-तांडेल यांच्यासोबत त्याने 'तांडेल फंड ऑफ अर्काइव्ह्ज' सुरू करून कोळी समाजाच्या स्मृती, वस्तू आणि पाककृती जमवायला घेतल्या. हे काम कलेत मोडते की दप्तरात, असा प्रश्न काही जण विचारतात. मला तो प्रश्न गैरलागू वाटतो. मुंबईच्या नकाशावरून जी माणसे पुसली जात आहेत, त्यांच्या घरातल्या मुलाने मासळीचा आकार घडवला, तर तो आकार नोंद होणारच. दालनातल्या होडीवर कुणी बसलेले नसते, हे तांडेलचे काम पाहिल्यावर जास्त खटकते. त्या होडीवरून काल कुणी मासेमारीला गेले होते का, रापण लागली का, पर्ससीनवाल्यांनी मासा नेला का, यातले काहीच जलरंगाला ठाऊक नसते.

गोव्यात सुबोध केरकरांनी मोठा पसारा मांडला आहे. हा माणूस मुळात डॉक्टर. त्यांनीही जलरंगातल्या देखाव्यांपासूनच सुरुवात केली आणि नंतर थेट किनाऱ्यावर उतरले. शिंपले, जुन्या होड्यांची लाकडे, वाळूवर विशिष्ट आकारात आडवे झालेले मच्छीमार, आणि सगळे पुसून टाकणारी भरती. २०१५ साली त्यांनी पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत 'म्युझियम ऑफ गोवा' उभारले आणि गोव्याचा इतिहास समकालीन कलेतून सांगायला घेतला. सरकारची वाट न पाहता एका कलावंताने संग्रहालय काढावे, हे आपल्याकडे दुर्मीळ, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. तरीही एक तक्रार आहे. त्यांच्या कितीतरी कलाकृती एका वाक्यात सांगता येतात आणि ते वाक्य ऐकल्यावर पाहण्यासारखे फारसे उरत नाही. जिथे ते समुद्राला काही करू देतात, लाट येऊन रचना मोडते, शिंपल्यांना भरतीचा वास राहतो, तिथे त्यांचे काम फार उंचीवर जाते. जिथे मिरचीचा इतिहास सांगण्यासाठी भली मोठी मिरची करतात, तिथे ते शिक्षक होतात.

सागर नाईक मुळे या तरुण गोमंतकीय चित्रकाराने वेगळी वाट धरली. कावी ही मरणपंथाला लागलेली कला. जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवळादेवळांतून ती ऑइलपेंटखाली नाहीतर टाइल्सखाली गाडली गेली, आणि डॉ. कृष्णानंद कामतांसारख्यांनी नोंदी केल्या नसत्या तर काय होते तेही कळले नसते. मुळे ती लाल-पांढरी भाषा आजच्या चित्रात आणतो आहे. मला त्याच्या कामात एकच धोका दिसतो, आणि तो त्याचा एकट्याचा नाही. कावी भिंतीची कला आहे. ओल्या चुन्यावर हात चालतो तेवढाच वेळ तुमच्याकडे असतो, चूक झाली की गिलावा उतरवावा लागतो. तीच नक्षी कॅनव्हासवर ॲक्रिलिकने सावकाश काढली की राहते ती शैली, आणि घाई, जोखीम, हाताचा जोर हे सगळे गळून जाते. तिला पुन्हा भिंत मिळाली तर ती जगेल. गोव्यात नव्या बांधकामांची काय कमी आहे?

हाच प्रश्न पिंगुळीत जास्त टोकदार होतो. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्याआधीच त्यांनी घरच्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभे केले होते आणि पुढची पिढीही त्यात उतरली. त्यामुळे चित्रकथी संपली असे आता कुणी म्हणू शकत नाही. ती पिशव्यांवर आहे, साड्यांवर आहे, किटल्यांवर आहे, रिसॉर्टच्या भिंतीवर आहे. मोठे डोळे, बाजूने दिसणारा चेहरा, टोकदार नाक, ठळक काठ. ही शैली ओळखीची झाली, विकू लागली, आणि पोट भरणाऱ्या कलेला नावे ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्या समीक्षकाला नाही, हेही मी जाणतो.

पण चित्रकथीतले चित्र हे अर्धेच असते. दुसरे अर्धे कथेकऱ्याच्या गळ्यात. पोथीतले एक पान वर धरायचे, हुडूक वाजवत प्रसंग गायचा, गाणे पुढच्या प्रसंगावर आले की पान पालटायचे. चित्रातले पात्र समोर पाहत नाही, कारण त्याला पुढच्या पानाकडे जायचे असते. असे एक पान सुटे करून चौकटीत घातले की त्या पात्राला जायला जागाच उरत नाही. जुन्या पोथ्यांतली पाने पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात काचेआड पाहताना हेच मनात येत राहते. आज नवीन चित्रे पुष्कळ निघतात, नवीन पोथ्या किती निघतात? आणि रामायण-महाभारताबाहेरची, सड्यावरच्या चिरेखाणीची किंवा मुंबईला गेलेल्या भावाची पोथी कधी निघणार? हा प्रश्न फक्त ठाकरांना विचारून भागणार नाही, तो कलाशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कोकणी मुलाला विचारायला हवा.

सावंतवाडीबद्दल थोडक्यात. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून गंजिफा शिकून घेतली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलात पुन्हा कामाला लावली, म्हणून ती वाचली. आता भौगोलिक मानांकनही आले. दशावतारी गंजिफा १२० पानांची. तिचा डाव मांडणारे मात्र शोधावे लागतात.

आशा वाटावी अशा जागा दोन, आणि गंमत म्हणजे दोन्ही किनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूला. चिपळूण तालुक्यातल्या सावर्डे गावी सह्याद्री शिक्षण संस्थेचे कला महाविद्यालय आहे आणि देवरुखला कला महाविद्यालयाच्या जोडीला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय. शेतकऱ्याच्या, बागायतदाराच्या, रिक्षावाल्याच्या मुलांना मुंबई न गाठता चित्र-शिल्प शिकता येते, ही साधी गोष्ट नाही. या मुलांचा हात पक्का असतो. निसर्गचित्रणाच्या स्पर्धेत ती हमखास बक्षीस आणतात. माझी अपेक्षा एवढीच की पहिल्या वर्षी निसर्गचित्राला नेताना त्यांना एकदा रंगाविना सड्यावर न्यावे.

कारण सडा आता संकटात आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे उन्हातान्हात फिरले, म्हणून शेकडो कातळशिल्पे उजेडात आली. २०२२ साली कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ अशा ठिकाणांची नावे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटले. दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला कातळातला माणूस वर्तमानपत्रांत झळकला. पण त्यानंतर पाहिलेल्या कोकणविषयक प्रदर्शनांत मला तो सडा, ती चिरेखाण, ते उन्हात बसलेले गावकरी दिसले नाहीत. माड होते, तुळस होती. कातळशिल्पांच्या आकृत्या मात्र एव्हाना टी-शर्टवर आणि हॉटेलच्या फाटकांवर पोहोचल्या आहेत, हत्ती तर हस्तिदंतासारखा गुळगुळीत होऊन. हजारो वर्षांपूर्वीच्या रेषेची नक्कल करायला एक दुपार पुरते. ती रेष जमिनीत का कोरली, उभ्या भिंतीवर का नाही, हा विचार करायला एखादी कारकीर्द लागेल, आणि तशी कारकीर्द मला अजून दिसलेली नाही.

वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी पिंगुळीला गेलात तर पोचल्या पोचल्या चित्राची किंमत विचारू नका. आधी कथा सांगायला लावा, तिचे मानधन द्या, शेवटच्या पानापर्यंत बसून राहा. मग काय विकत घ्यायचे ते ठरवा.